हे घर कोणाचं?

"सोनाली, बटणाला हात लावू नकोस. अंधार म्हणजे अंधार."

सत्यशीलाबाई हळूच बोलल्या, पण महापालिकेच्या प्रसूतिगृहात सगळी नोकरी काढलेल्या नर्सचं हळू बोलणंही हुकमासारखंच ऐकू येतं. सून निमूटपणे परत सोफ्यावर येऊन बसली. मांजरीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिघीजणी काळोखात बसल्या होत्या: सत्यशीलाबाई, सोनाली आणि नुकतीच शाळेत जाऊ लागलेली नात सृष्टी. सृष्टीच्या मांडीवर फराळाचं ताट होतं आणि ताटावर क्रोशाचा रुमाल. तिचा हात मधूनमधून रुमालाखाली जात होता आणि अंधारात शेव मोडल्याचा बारीक आवाज येत होता. आजीला तो चांगला ऐकू येत होता, पण सणासुदीला पोरीला किती बोलायचं म्हणून त्यांनी कानाआड केला.

नाताळची आदली संध्याकाळ होती. शेजारच्या इमारतींत दिवे लागले होते, पलीकडच्या उसात नुकताच काळोख उतरला होता, आणि शिरसाठांच्या गॅलरीत टांगलेला तारा मात्र विझलेला होता.

ही शिरसाठांच्या घरची रीत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चची गाणारी मंडळी पेटी, ढोलकी, झांजा घेऊन घरोघर फिरते. बाकीच्या घरांतले लोक मंडळीची चाहूल लागली की दिवे लावतात, दारं सताड उघडून उभे राहतात. शिरसाठांकडे सगळं उलटं. दिवे मालवायचे, दार लावून घ्यायचं आणि बाहेर पहिलं गाणं पुरं होईपर्यंत आत कोणी हूं की चूं करायचं नाही. गाणं संपलं की घरधन्याने दार उघडायचं. मग मंडळीतला वडीलधारा माणूस उंबऱ्याबाहेरूनच विचारणार, "हे घर कोणाचं?" घरधन्याने आपलं नाव सांगायचं, वडीलधाऱ्याने त्या नावाच्या घराला शांती मागायची आणि मंडळीला आत बोलवायचं. मग गॅलरीतल्या ताऱ्यापासून मोरीतल्या बल्बपर्यंत सगळे दिवे एकदम लावायचे. त्यानंतर करंज्या, रव्याचे लाडू, चहा आणि पोराटोरांचा धिंगाणा.

रीत घातली होती ती सत्यशीलाबाईंच्या यजमानांनी, रामदासांनी. ते येरवड्याला तुरुंगाच्या छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यामुळे प्रत्येक गोष्ट जागच्या जागी हवी. त्यांचं म्हणणं असं, की बाळ जन्माला यायच्या वेळी बेथलेहेमात सगळी दारं बंद होती. ती बंद दारं वर्षातून एकदा आठवायची आणि आपल्या हाताने उघडायची. मुलगा संजय लहानपणी वाद घालायचा, मग गाणं सुरू झाल्याबरोबर का उघडायचं नाही? रामदास म्हणायचे, दारात आलेल्या माणसाचं आधी पुरतं ऐकून तर घेशील? दारातलं गाणंही त्यांनीच रचलेलं, ओवीच्या चालीवरचं:

उघड घरधन्या दार,
थंडी वाजते तान्ह्याला.

मंडळी हे गाणं फक्त त्यांच्याच दारात म्हणत असे. त्यात व्याकरण कमी आणि माया जास्त होती, असं पाळकसाहेबसुद्धा हसून म्हणायचे.

रामदास गेले, त्यानंतरच्या नाताळला मंडळी येरवड्याच्या त्या दोन खोल्यांसमोर आली. गाणं झालं. दार सत्यशीलाबाईंनी उघडलं. मंडळीचे वडीलधारे म्हणजे रावसाहेब, छापखान्यातले रामदासांचे सोबती आणि मंडळीचे पेटीवाले. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं आणि सत्यशीलाबाई म्हणाल्या, "रामदास शिरसाठांचं." रावसाहेबांचा पेटीच्या भात्यावरचा हात थांबला. पण त्यांनी शब्दाने विचारलं नाही. त्याच नावाच्या घराला शांती मागितली. गेलेल्या माणसाचं नाव पुन्हा एकदा दारात मोठ्याने घेतलं गेलं, आणि ते सत्यशीलाबाईंना वर्षभर पुरलं.

उन्हाळ्यात त्या खोल्या सोडाव्या लागल्या. संजयने मांजरीला फ्लॅट घेतला होता. हडपसरकडे सॉफ्टवेअर कंपनीत त्याची नोकरी, आणि आईला एकटीला येरवड्याला ठेवायला तो तयार नव्हता. सत्यशीलाबाई महिना-दीड महिना अडून बसल्या. शेवटी म्हणाल्या, मंडळी जिथे गायला येईल तिथे मी येईन. संजयने लगेच हो म्हटलं, आणि मुलगा शब्दाचा पक्का निघाला. तो स्वतः रावसाहेबांकडे जाऊन आला. रावसाहेब आधी म्हणाले, बाबा रे, मांजरी काय येरवड्याच्या वाटेवर आहे? पण रामदासांसाठी ते तयार झाले. टेंपो ठरवला, दिवेलागणीला आधी मांजरी गाठायची आणि मग मागे येऊन येरवड्याची घरं घ्यायची असं ठरलं.

सोसायटीची परवानगीही संजयनेच काढली. चेअरमन दातार समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत होते. मूळचे नारायण पेठेतले, निवृत्तीनंतर मोकळ्या हवेसाठी इकडे आलेले आणि आल्यापासून हवेबद्दल तक्रार करणारे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "गाणी जरूर म्हणा. ऐकू आली नाहीत म्हणजे झालं."

एवढं सगळं पोराने केलं, तरी सत्यशीलाबाईंच्या तोंडी 'आपलं घर' काही येईना. बाजारात कोणी भेटलं की त्या सांगायच्या, सध्या संजयच्या फ्लॅटवर असते. दारावर पितळी पाटी होती: संजय आर. शिरसाठ. त्या एवढ्याशा 'आर.'मध्ये त्यांचा नवरा मावत नव्हता. त्यांनी मनाशी एकच गोष्ट धरून ठेवली होती. मंडळी येईल, रावसाहेब विचारतील, आणि आपण याही दारात रामदासांचं नाव घेऊ. एकदा ते नाव इथे घेतलं गेलं की मग या भिंतींशी आपलं भांडण नाही. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर संजयला लागेल हे त्यांना कळत होतं.

आठवडाभर त्या स्वयंपाकघरातून बाहेर निघाल्या नाहीत. येरवड्याला गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आज हिच्या, उद्या तिच्या घरी जमायच्या आणि करंज्यांबरोबर सगळ्या गल्लीची बित्तंबातमी लाटली जायची. इथे त्या आणि सोनाली दोघीच. सोनाली अहमदनगरची, हाताला चपळ, पण करंजीला मुरड घालण्याऐवजी चमच्याने टोचे मारायची. केकचं मिश्रण डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं, तिथे आपल्या डब्याला दोरा बांधून खूण करायची आणि नंबर लावून बसायचं, हा येरवड्याचा खरा नाताळ. इथे सोनालीने तो ओव्हनमध्ये भाजला आणि तासाभरात हातावेगळा केला. केक चांगलाच झाला होता. सत्यशीलाबाईंना तेही जरा खटकलं.

आणि आज संध्याकाळी संजयचाच पत्ता नव्हता. अमेरिकेतल्या साहेबाला नाताळच्या सुट्टीवर जाण्याआधी काम हातात हवं होतं. त्याचा सण सुखाचा व्हावा म्हणून शिरसाठांचा मुलगा कंपनीत अडकून पडला होता. त्याचा फोन आला, मंडळी आली तर माझ्यासाठी थांबू नका, दार तू उघड. सत्यशीलाबाईंनी वरवर चुकचुकत फोन ठेवला, पण आतून त्यांना हायसं वाटलं. दार आपण उघडणार म्हणजे नावही आपणच सांगणार. मुलगा घरी नसल्याचा आपल्याला आनंद व्हावा याची त्यांना लाज वाटली, पण आनंद झाला तो झालाच.

तर अशा त्या अंधारात बसल्या होत्या, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवरचा इंटरकॉम वाजला.

सोनाली उठली. "आई, गेटवरून असेल."

"संजयने गेटवर सकाळीच सांगून ठेवलंय. बस खाली. आता कुठल्याही क्षणी गाणं सुरू होईल आणि तू फोनवर बोलत बसशील."

"पण मंडळीच आली असेल तर?"

"आली तर दारात येऊन गातील. फोन करून कोणी कॅरल म्हणत नाही."

येरवड्याच्या घराला गेट नव्हतं, वॉचमन नव्हता. मंडळी गल्लीत शिरायची ती थेट उंबऱ्यापाशीच. सत्यशीलाबाईंच्या हिशेबात घर म्हणजे दार आणि दाराबाहेर माणूस. मध्ये आणखी कोणी असतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. इंटरकॉम बराच वेळ वाजून थांबला. पुन्हा वाजला. सोनालीने सासूकडे पाहिलं, पण अंधारात ते दिसलं नाही. मग तो थांबला आणि पुन्हा वाजला नाही.

त्या बसून राहिल्या. समोरच्या फ्लॅटमधून टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. सृष्टीने विचारलं, अजून का नाही आले? आजी म्हणाली, सोलापूर रस्त्याला गर्दी असते बाळा. नंतर एकदा लिफ्टचा आवाज झाला, पावलं दारापर्यंत आली, सृष्टी ताट सावरून ताठ बसली आणि सत्यशीलाबाईंनी पदर नीट केला. पण गाणं सुरू झालं नाही. कुलपात किल्ली फिरली आणि दार उघडलं.

दारात हेल्मेट हातात घेऊन संजय उभा होता. त्याच्यामागे रात्रपाळीचा वॉचमन गेनबा, काखेत काठी, तोंड उतरलेलं. गेनबा मांजरीचाच. सोसायटी झाली त्याच्या शेजारचंच शेत त्याच्या भावकीचं होतं. सकाळी संजयने सांगून ठेवलं होतं ते दिवसपाळीच्या माणसाला, आणि तो पाळी बदलताना गेनबाला सांगायचं विसरला होता.

"म्या दोनदा फोन केला, आजी," गेनबा म्हणाला. "वर बघितलं तर उजेड न्हाई. म्हटलं, मानसं गावाला गेली असत्याल. तसंच सांगितलं त्येंना."

"कोणाला?" सत्यशीलाबाईंनी विचारलं, खरं तर त्यांना कळलं होतं.

"टेंपोतनं आलेल्या मंडळीला. पेटीवालं बाबा म्हनलं, असं हुनार न्हाई, बाई वाट बघत असनार. सायबांना फोन लावला, पन लागला न्हाई. लई वेळ वर बघत हुभं व्हतं. मग म्हनलं, बाईंना सांगा, आमी येऊन गेलो."

सोनालीने "मी म्हणत होते" असं म्हणायला हवं होतं, तिचा तो हक्क होता. पण ती गुणाची पोर, तिने ओठ मिटून घेतले. सत्यशीलाबाई मात्र मनातल्या मनात चुरा झाल्या. बेथलेहेमच्या उतारशाळेतल्या, मरियेला जागा नाकारणाऱ्या त्या माणसाने निदान दार उघडून तरी नाही म्हटलं होतं. आपण तर तेवढंही केलं नाही. म्हाताऱ्या रावसाहेबांना थंडीत गेटवर उभं केलं आणि इकडे दारं उघडायची रीत पाळत बसलो. रामदासांचं नाव घ्यायचं होतं, ते राहिलंच. उलट त्यांच्याच घरातून मंडळी माघारी गेली.

संजयने हेल्मेट ठेवलंच नाही. म्हणाला, "चल आई, खाली गाडी आहे. ते आता येरवड्याला पोचत असतील. मी हातापाया पडून परत घेऊन येतो."

"नको."

"अगं, येतील ते."

"येतील म्हणूनच नको. तिकडे लोक दारं उघडून वाट बघत उभे असतील. आपल्या चुकीपायी त्यांचा नाताळ का उशिरा करायचा?"

संजय भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने या संध्याकाळसाठी किती खेटे घातले होते ते त्याच्या आईला माहीत होतं, आणि म्हणूनच त्याच्याकडे बघवत नव्हतं. गेनबा जायला निघाला आणि गेला नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तसाच घुटमळला.

"आज्जी," सृष्टीने विचारलं, "मग आता दिवे लावायचेच नाहीत का?"

प्रश्न बरोबर होता. गाणं झाल्याशिवाय दार उघडत नाही आणि दार उघडल्याशिवाय दिवा लागत नाही. रामदासांनी घातलेल्या रीतीत मंडळी आलीच नाही तर काय, याची सोय नव्हती. त्यांना ते कधी सुचलंच नसावं. सोनाली म्हणाली, आपणच म्हणूया की गाणं, आत बसून. सत्यशीलाबाईंनी मान हलवली. आत बसून म्हटलं तर दार कोणासाठी उघडायचं?

त्या उठल्या. शालीचं टोक खांद्यावर घेतलं, संजयच्या बाजूने बाहेर गेल्या, रॅकमधल्या चपला पायात सरकवल्या आणि म्हणाल्या, "दार लावून घे. आणि माझं गाणं पुरं होईपर्यंत उघडायचं नाही."

"आई, अगं..."

"लाव."

दार लागलं. पॅसेजमध्ये दुधी दिवा होता आणि डोळ्यांसमोर ती पितळी पाटी. आयुष्यात पहिल्यांदाच सत्यशीलाबाई या गाण्याच्या बाहेरच्या बाजूला उभ्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी ते आतून ऐकलं होतं, मांडीवर संजयला घेऊन, त्याचं तोंड दाबून. बाहेरून दार किती मोठं दिसतं आणि गाणारा किती लहान होतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

आवाज बारीक होता, वयाचा होता, पेटीचा आधार नव्हता. पहिल्या कडव्यातच समोरचं दार उघडलं. कानटोपी घातलेले दातार बाहेर आले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, जिन्यात उभ्या वॉचमनकडे पाहिलं. आता हे काहीतरी टोचून बोलणार, असं वाटून सत्यशीलाबाईंचा सूर हलला. दातार आत गेले. टीव्ही बंद झाला. ते परत येऊन आपल्या दारात उभे राहिले आणि हात मागे बांधून ऐकू लागले.

दुसऱ्या कडव्यात मेंढपाळ येतात, तिसऱ्यात मरिया दार ठोठावते. तिसऱ्याची पहिली ओळ झाली आणि पुढची आठवेना. इतक्या वर्षांचं तोंडपाठ गाणं, पण ऐकून पाठ झालेलं. म्हणायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. पुढे काहीच नाही. डोळे भरून आले. आज एवढं एकच काम होतं आणि तेही आपल्याच्याने होईना.

मग दाराआडून पुढची ओळ आली.

रीतीप्रमाणे आतल्या माणसाने गप्प राहायचं असतं. पण संजय म्हणत होता. त्याचा आवाज काही बापासारखा नव्हता. जरा घोगरा, सवय नसलेला, दिवसभर फोनवर इंग्रजी बोलून थकलेला. तरी रामदास जिथे दम घ्यायचे तिथेच तो दम घेत होता, आणि एकही शब्द चुकत नव्हता. हा पोरगा सणाच्या दिवशी सगळं विसरून कंपनीत बसतो, असं त्या दुपारीच सोनालीला म्हणाल्या होत्या. सत्यशीलाबाईंनी तळहात दारावर ठेवला आणि दोघांनी, एकाने आतून, एकीने बाहेरून, गाणं शेवटापर्यंत नेलं.

दार उघडलं. आत काळोख, पुढे संजय, त्याच्या पायाशी ताट घेतलेली सृष्टी, मागे सोनाली. सत्यशीलाबाई उंबऱ्याबाहेर ताठ उभ्या राहिल्या, रावसाहेब उभे राहायचे तशा.

"हे घर कोणाचं?" त्यांनी विचारलं.

संजयने आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिला काय ऐकायचं आहे हे त्याला ठाऊक होतं. गेल्या वर्षी येरवड्याच्या दारात तो तिच्या मागेच उभा होता. "रामदास शिरसाठांचं," तो म्हणाला.

उन्हाळ्यापासून ज्या नावासाठी त्या झुरल्या होत्या ते नाव या दारात घेतलं गेलं. आणि तेही पोराने घेतलं. त्यांना ते गोड लागलं, फार गोड लागलं. मग त्यांनी हळूच मान हलवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "घरधन्याने स्वतःचं नाव सांगायचं असतं. पुन्हा सांग."

संजयच्या हनुवटीला लहानपणी रडण्याआधी यायचा तसा खळगा आला.

"हे घर कोणाचं?"

"संजय शिरसाठचं," तो म्हणाला.

सत्यशीलाबाईंनी उजवा हात दाराच्या चौकटीवर ठेवला आणि डोळे मिटले. आवाज कापू न देता त्यांनी संजय शिरसाठच्या घराला शांती मागितली. घरच्या लेकीसुनेला आरोग्य मागितलं, समोरच्या घरालाही मागितलं, आणि गेटवर थंडीत उभं राहणाऱ्याला मागितलं. रामदासांचं नाव त्यांनी प्रार्थनेत घेतलं नाही. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा संजय अजून वाटेतच उभा होता. बाही डोळ्यांना लावलेली, दार अर्धं अडवलेलं.

"मंडळीला आत बोलवायची रीत आहे रे," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

संजय बाजूला झाला. त्यांनी पाहुण्यासारख्या चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, एकीशेजारी एक नीट लावल्या, आणि मुलाच्या घरात पाऊल ठेवलं.